मळीचा टँकर, विहिरीचं पाणी आणि न आळलेला स्लॅब

अक्षय्य तृतीयेला स्लॅब पडला. १० मे २०२४, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायला वर चढलेल्या गड्याचा पाय स्वयंपाकघराच्या डोक्यावर घोट्यापर्यंत आत गेला. त्याने पाय उपसून काढला, खाली उतरला आणि मुकादमाला एवढंच म्हणाला, "दादा, वर शिरा हाय."

गुहागर तालुक्यातली समुद्राकडची एक वाडी. घर एका चाकरमान्याचं. तो ७ मेच्या मतदानाला मुंबईहून आला होता आणि मुहूर्तावर स्लॅब टाकूनच परत जायचं ठरवून थांबला होता. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला, पाच इंच जाड, साधारण बाराशे चौरस फूट. नकाशा आणि सळयांचं डिझाइन माझं. देखरेख माझी नव्हती. वाडीतल्या कामांना कन्सल्टंटने येऊन उभं राहावं एवढे पैसे कुणी देत नाही आणि मीही मागत नाही. मिरगाआधी स्लॅब उरकायचा म्हणून मे महिन्यात आमच्याकडे रोज कुठे ना कुठे मिक्सर घरघरत असतो. त्यातलाच हा एक.

मला फोन आला शनिवारी संध्याकाळी. फोनवर ठेकेदार म्हणाला, सिमेंट बोगस आहे. मालक म्हणाला, ठेकेदार बोगस आहे. रविवारी सकाळी चिपळूणहून निघालो.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण स्लॅब नाही. स्लॅब बिघडतात. या स्लॅबचं कारण शोधत मी जिथे पोचलो, ती जागा साखर कारखाना होती. आमच्या गुहागर-चिपळूण पट्ट्यात साखर कारखाना नाही. ऊस घाटावर, कारखाने घाटावर, आमच्याकडे येते ती फक्त पोत्यातली साखर. निदान माझी तशी समजूत होती.

वर काय दिसलं

रविवारी अकराच्या सुमारास मी स्लॅबवर होतो, म्हणजे काँक्रीट टाकून दोन दिवस होऊन गेले होते. मेच्या उन्हात साधं पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलंड) सिमेंट तीन-चार तासांत आळायला लागतं; बाटलीतली द्रव्यं काही न घालता ते दुसऱ्या दिवशीही ओलं राहावं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. भारतीय मानकाप्रमाणे सिमेंटचा प्राथमिक सेटिंगचा, म्हणजे आळायला लागण्याचा, वेळ ३० मिनिटांहून कमी नको आणि अंतिम वेळ ६०० मिनिटांहून जास्त नको. इथे ६०० मिनिटं उलटून दीड दिवस गेला होता.

पुढच्या पडवीवरचा भाग कडक होता. खिळा ओढला तर फक्त पांढरी रेघ उठत होती. मधल्या खोलीवर खिळा अर्धा इंच शिरला. मागे स्वयंपाकघराच्या डोक्यावर मी अंगठा दाबला आणि तो पेरापर्यंत गेला. वरची साय वाळून तडकली होती, तळ्यातला चिखल सुकतो तशी, आणि तिच्याखाली ओलं.

मुकादमाला विचारलं, काम कुठून सुरू केलंत? मागून. सकाळी आठला स्वयंपाकघर, मग मधली खोली, दुपारी दोनला पडवी. म्हणजे जे सगळ्यात आधी टाकलं ते सगळ्यात मऊ, आणि जे सगळ्यात शेवटी टाकलं ते सगळ्यात घट्ट. नेहमी याच्या उलट असतं. ही उलटी चढण मी वहीत लिहून घेतली, कारण तेवढं एक कळलं तर बाकीचं कळणार होतं.

सिमेंट बोगस असतं तर सगळा स्लॅब सारखाच मऊ राहिला असता. गोण्या एकाच गाडीतून आल्या होत्या, एकाच आठवड्याचा शिक्का. तरी चार शिल्लक होत्या त्यातली एक बाजूला काढून ठेवली. पाणी जास्त पडलं असेल? पाणी जास्त पडलं की ताकद घटते, थोडा उशीर होतो, पण दोन दिवस नाही. वॉटरप्रूफिंगच्या बाटल्या मोजल्या: हिशेबाला बरोबर. मग राहिलं पाणीच. मालकाचा संशय खाडीच्या खारटपणावर होता. पण मीठ काँक्रीटला लवकर आळवतं, उशिरा नाही. मिठाचा गुन्हा वेगळा, ते सळई खातं आणि त्याला वर्षं लागतात.

पाणी टँकरचं होतं. घरच्या विहिरीने एप्रिलअखेर तळ गाठला होता. टँकर आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी येऊन उभा राहिला, रात्रभर उभाच होता आणि सकाळपासून त्याच्या मागच्या खालच्या व्हॉल्व्हमधून बॅरल भरून घेत होते. पाणी तांबूस होतं म्हणाले. आमच्याकडे तांबूस पाण्याला कुणी विचारत नाही; जांभ्याच्या मातीत पाणी तांबूस नसेल तरच शंका घ्यावी.

मी बॅरलपाशी गेलो. तळाशी वीतभर पाणी होतं. बॅरलच्या काठावर, जिथे पाण्याची रेघ सुकली होती तिथे, मुंग्या. चुकून चढलेल्या चार-दोन नव्हेत. काठाला धरून पूर्ण गोल, एकीमागे एक, आणि खाली जमिनीवरून त्यांची वाट थेट टँकर उभा होता त्या जागेपर्यंत गेलेली.

मी ओणवा होऊन बघतोय हे पाहून घरच्या काकी बाहेर आल्या. म्हणाल्या, "शुक्रवारी मी ह्यांना सांगत व्हते, चायला काकवीचा वास येतोय. मानसांस्नी कोरा चाय टाकलावता त्याच पान्यात. दोघांनी तर ओतून दिलान. कोन आयकतंय बायकांचं?"

खरंच कुणी ऐकलं नव्हतं. नाहीतर तिसऱ्या बॅरललाच काम थांबलं असतं.

तीन ताटल्या

काकवी हा शब्द ऐकल्यावर निम्मं काम झालं होतं. उरलेल्या निम्म्याला प्रयोगशाळा लागली नाही. स्वयंपाकघरातल्या तीन स्टीलच्या ताटल्या मागून घेतल्या. बाजूला ठेवलेल्या गोणीतलं सिमेंट, प्रत्येक ताटलीत दोनशे ग्रॅम, काकींच्या काट्यावर मोजून. पहिल्या ताटलीत शेजारच्या विहिरीचं पाणी. दुसरीत बॅरलच्या तळचं. तिसरीत शेजारच्या विहिरीचंच पाणी, पण त्यात चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर विरघळवून. चिमूट म्हणजे मोजून सांगायचं तर पाव ग्रॅमच्या आत. तिन्ही गोळे मळून भाकरीसारखे थापले आणि पडवीत सावलीला ठेवले. दुपारचा दीड वाजला होता.

संध्याकाळी सहाला पहिल्या ताटलीवर नख उमटत नव्हतं. दुसरी आणि तिसरी, दोन्हींवर बोटाचा ठसा. रात्री मुक्काम केला. सकाळी सातला पहिली ताटली उलटी केली तर टणकन आवाज करून चकती बाहेर पडली. दुसरी आणि तिसरी चमच्याने खरवडता येत होत्या. ठेकेदार तिन्ही ताटल्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग तिसरीकडे बोट दाखवून म्हणाला, "एवढ्याशा साखरेनं?"

एवढ्याशाच. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ ग्रॅम, आळण्याची वेळ साधारण चार तासांनी पुढे ढकलते. ०.२ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे गोणीला शंभर ग्रॅम गेली, की काँक्रीट आळतच नाही म्हटलं तरी चालेल. सिमेंट हवेने वाळत नाही, पाण्याशी होणाऱ्या क्रियेने आळतं. त्या क्रियेत जे बारीक स्फटिक जन्माला येतात त्यांच्यावर साखरेचे रेणू चिकटून बसतात आणि त्यांची वाढ अडवून धरतात. मोठं काहीच होत नाही, फक्त सुरुवात होत नाही.

हे काँक्रीटच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात ट्रान्झिट मिक्सर चालवलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. घाटात गाडी अडकली, ड्रम फिरायचा बंद झाला, की आत सहा घनमीटरचा धोंडा तयार होण्याआधी ड्रममध्ये काय टाकायचं हे त्याला माहीत असतं, आणि त्यासाठीची दोन-तीन किलोची पिशवी सीटमागे असते. ती किराणा दुकानातून येते. देशाच्या हिशेबात ती साखर कुणीतरी खाल्लेली आहे.

वाडीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला अडवून वेगळाच प्रश्न विचारला. "आमी चुन्यात गूळ घालीत आलो. भित्ती शंभर वर्सं उभ्या हायत. मग गोड वाईट कसं?" प्रश्न योग्य होता. शिंपल्यांच्या चुन्यात गुळाचं पाणी घालायची रीत कोकणात होतीच. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, आणि साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, लगदा मऊ राहतो, चिऱ्याच्या भोकाभोकांत शिरतो. तिथे घाई कुणालाच नसते. सिमेंटची गोष्ट घाईची आहे. गवंड्याला हे पटलं की नाही सांगता येणार नाही. तो "असंल" म्हणाला.

खात्रीसाठी बॅरलमधलं पाणी बाटलीत भरून ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या मास्तरांकडे नेलं. बारावीच्या मुलांना जी बेनेडिक्टची चाचणी शिकवतात तीच त्यांनी केली. निळं द्रावण तापवल्यावर विटकरी झालं. मास्तर म्हणाले, नुसती पांढरी साखर असती तर हा रंग सरळ आला नसता, आधी आम्लात उकळावं लागलं असतं. हे सरळ आलं, म्हणजे यात ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं आहे. साखर आणि ही सुटी साखर, दोन्ही एकत्र, काळसर, काकवीचा वास: मळी, साखर काढून झाल्यावर कारखान्यात उरतो तो काळा द्रव.

टँकर

टँकरवाला लपूनछपून वागणारा नव्हता. फोन केला तर स्वतः आला. घाटावरचा माणूस, स्वतःचे दोन टँकर, हप्ते चालू. पाणी त्याने चांगल्या विहिरीचं भरलं होतं, गावकरी पितात ती विहीर. त्याबद्दल तो ठाम होता आणि तो खरंच बोलत होता. मी नकाशावर नेहमीप्रमाणे "पिण्यायोग्य पाणी वापरावे" अशी टीप लिहिली होती. पाणी पिण्यायोग्यच होतं. टाकीबद्दल माझ्या टिपेत एक शब्द नव्हता.

"आधी काय न्यायचा?" विचारलं.

"मळी. कारखान्यावरनं बंदराला. जानेवारीत भाडी बसली."

टाकी धुतली होती का, तर धुतली होती; दोन बॅरल थंड पाणी मारून, टाकी हलवून, सोडून दिली होती. मळी थंड पाण्याने निघत नाही. ती गरम पाण्याने किंवा वाफेनेच सुटते, त्यातही टाकीच्या आतल्या आडपडद्यांच्या कोपऱ्यात राहते. रात्रभर पाणी त्या थरावर उभं राहिलं. मळी पाण्यापेक्षा जड, दीडपटीच्या जवळपास. विरघळली ती तळाशीच राहिली, आणि व्हॉल्व्हही तळाशी. सकाळच्या पहिल्या पाच-सहा बॅरलमध्ये सगळ्यात दाट पाणी गेलं, ते स्वयंपाकघरावर पडलं. दुपारी पडवीवर गेलं ते वरचं, विरळ. वहीतली उलटी चढण इथे सुलटी झाली.

मी आकडेमोड करून पाहिली, कारण मळीचा नुसता थर एवढं करू शकतो यावर मालकाचा विश्वास बसेना. काँक्रीट सुमारे १५ घनमीटर, गोण्या १२०. गोणीमागे सरासरी ५० ग्रॅम साखर धरली तर सगळ्या स्लॅबला सहा किलो. मळीत साधारण निम्मी साखर, म्हणजे बारा किलो मळी, म्हणजे साडेआठ लिटर. टाकीत मागे उरलेल्या पाण्यात गेली ती धरून पंधरा-वीस लिटर. दहा हजार लिटरच्या टाकीच्या तळावर पसरली तर दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जाडीचा थर. तो टॉर्च मारूनही दिसला नसता.

मळीचं भाडं का बसलं

इथे थोडं घाटावर जायला हवं, कारण टँकरवाल्याचं "जानेवारीत भाडी बसली" हे वाक्य देशातल्या साखरेच्या गेल्या काही वर्षांच्या हालचालीचंच टोक आहे.

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढत गेलं की शेवटी जो काळा, चिकट द्रव उरतो, ज्यातून आणखी दाणा निघत नाही, ती शेवटची मळी. कारखान्यात तिला सी-हेवी म्हणतात. एक पायरी आधी थांबलं तर बी-हेवी, तिच्यात काढता आली असती अशी साखर शिल्लक असते. पूर्वी मद्यार्क फक्त शेवटच्या मळीपासून व्हायचा, म्हणजे साखर आधी पूर्ण काढून घेतलेली असायची. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी आणि थेट रसापासूनही इथेनॉल करायला वाट मोकळी झाली, आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी खरी साखर वळायला लागली. २०१८-१९ च्या हंगामात ३.३७ लाख टन साखर अशी वळली. पुढच्या वर्षी ९.२६ लाख टन. २०२०-२१ मध्ये २२ लाख टन. त्यानंतर पस्तीसच्या आसपास, आणि २०२२-२३ मध्ये चाळीस लाख टनांच्या पुढे. देशात वर्षाला खाल्ली जाणारी साखर २८० लाख टनांच्या घरात, त्यावरून हा ओघ किती मोठा ते कळेल. पेट्रोलमधलं मिश्रण २०१३-१४ ला १.५३ टक्के होतं, ते जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं.

कारखान्यांना हे परवडत होतं हे उघड आहे. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ पासून ३१ रुपये किलोवर थांबलेली, तीही महिन्याच्या कोट्याने विकायची. इथेनॉलचा दर ठरलेला, रसापासूनच्याला लिटरला ६५.६१ रुपये, बी-हेवीच्याला ६०.७३, आणि तेल कंपन्यांचे पैसे आठवड्यांत हातात. एक टन साखर सोडली की सुमारे सहाशे लिटर इथेनॉल. आसवन्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी कर्जं निघाली, आणि त्या सगळ्याच्या खाली टँकरही आले. आमच्या टँकरवाल्याने दुसरा टँकर याच लाटेत घेतला होता.

मग २०२३ चा पाऊस कमी पडला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस घटणार, साखर महागणार, आणि पुढे निवडणूक. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने हंगामासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरातच, १५ डिसेंबरला, रस आणि बी-हेवी मिळून १७ लाख टन साखरेइतकीच मर्यादा घालून ती सैल केली. चाळीसच्या पुढून सतरावर. इथेनॉलसाठी धान्य, विशेषतः मका, पुढे आला, इतका की त्या वर्षी निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यातून निघालं. मळी देशातच राहावी म्हणून १८ जानेवारी २०२४ पासून तिच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क लागलं. भारतातून बाहेर जाणारी मळी जगातल्या गुरांच्या खाद्यात जात होती. ती वाट अर्धी किंमत वाढून जवळजवळ बंदच झाली.

टँकरवाल्याची जानेवारी ती हीच. बंदराची फेरी गेली. आसवनीच्या फेऱ्या ज्यांचे लागेबांधे होते त्यांना. मार्चनंतर गाळपच संपलं. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. आणि एप्रिल-मेमध्ये घाट उतरला की प्रत्येक वाडीला पाण्याचा टँकर हवा. त्याने टाकीवरचं जुनं नाव रंगवून "पाणी" लिहिलं. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, कदाचित वाफ मारून.

एक गोष्ट मला इथे खटकली आणि अजून खटकते. मळी ही मोकाट वस्तू नाही. तिच्यापासून दारू होते म्हणून राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय ती हलत नाही. भरलेल्या टँकरच्या प्रत्येक फेरीला कागद असतो, वजन असतं, शिक्का असतो. टँकर रिकामा झाला की कागद संपतो. तळाशी राहिलेले वीस लिटर वजनकाट्याच्या नजरेत चुकीइतकेही नाहीत. केंद्राच्या आकड्यात जी साखर "वळवली" म्हणून मोजतात, ती तर कधी साखर झालेलीच नसते. ती होऊ शकली असती असा तो हिशेब. उलट बाजूला सीटमागची किराण्याची पिशवी खऱ्या साखरेची, पण हिशेबात खाल्लेली. न खाल्लेल्या साखरेचा मोठा ओघ अंदाजाने मोजतात आणि बारीक ओघ मोजतच नाहीत. माझा स्लॅब त्या बारीक ओघात सापडला.

स्लॅबचं काय केलं

पहिला सल्ला मी दिला तो काही न करण्याचा. ठेकेदार सोमवारीच सगळं फोडायला तयार होता. साखरेने अडलेलं काँक्रीट मात्रा फार मोठी नसेल तर उशिरा का होईना आळतं, आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद नेहमीच कमी येते असं नाही. कधी बरोबरीने येते. धोका दुसरा असतो: आळेपर्यंत ऊन लागून ते सुकलं तर तडे जातात आणि क्रियेला पाणी उरत नाही. म्हणून ओली गोणपाटं, वर प्लॅस्टिक, दिवसातून चार वेळा पाणी. सेंट्रिंगच्या एकाही टेकूला हात लावायचा नाही. ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या कामाला हव्या होत्या. तो तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मधली खोली मंगळवारपर्यंत घट्ट झाली. स्वयंपाकघर शुक्रवारी, म्हणजे आठव्या दिवशी, पायाला कडक लागलं. पण हातोडीचा आवाज बद्दच.

ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, कुणी भरले नव्हते. वाडीतल्या कामावर कुणीच भरत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि तिसऱ्या आठवड्यात, एका उघडिपीत, कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले गोल तुकडे, काढून घेतले. काँक्रीटच्या भारतीय मानकाची, आयएस ४५६ ची, अट अशी की कोअरची सरासरी मागितलेल्या ताकदीच्या ८५ टक्के यावी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नसावा. एम-२० साठी, म्हणजे चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटसाठी, १७ आणि १५. पडवी २१, मधली खोली १८. स्वयंपाकघराचे तीन: १३, ११, १२. त्यात चर्चेला जागा नव्हती. भिंती चिऱ्याच्या, खोली आपल्या चार भिंतींवर वेगळी टेकलेली, म्हणून तेवढाच चौक काढून परत टाकता येणार होता. बीमवरचा स्लॅब असता तर हे प्रकरण वेगळं संपलं असतं.

पैशाचा वाद ग्रामपंचायतीपर्यंत गेला नाही, पडवीतच मिटला. टँकरवाल्याने त्या चौकाचं सिमेंट दिलं आणि पाण्याचं भाडं सोडलं. ठेकेदाराने मजुरी आणि सेंट्रिंग. खडी-वाळू मालकाची. मी कोअरच्या गाडीचा खर्च घेतला, कारण "पिण्यायोग्य पाणी" लिहून मी मोकळा झालो होतो. आता माझ्या टिपेत पुढचं वाक्य असतं: टँकर असल्यास आदल्या दिवशी त्या पाण्याची सिमेंटची थापटी करून रात्रभर ठेवावी. दोन ठेकेदार करतात. बाकीचे हसतात.

२९ ऑगस्ट २०२४ ला रस आणि बी-हेवीवरची बंधनं पुढच्या हंगामासाठी उठली. टँकरवाल्याने फोन करून सांगितलं, जणू ती बातमी माझ्याही कामाची होती. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की तो परत मळीवर जाणार होता. मी त्याला विचारलं, पुढच्या मेमध्ये?

"बघू," तो म्हणाला. "तवा सरकार काय करतंय त्यावर."

गणपती ७ सप्टेंबरला जुन्याच पडवीत बसले. नवीन घराच्या मागच्या खोलीत अजून टेकू होते. तो चौक फोडला दिवाळीनंतर, सळया राखून. नवीन काँक्रीट टाकायच्या दिवशी विहिरीला भरपूर पाणी होतं, टँकरचा प्रश्नच नव्हता. तरी मिक्सर चालू व्हायच्या आधी काकींनी बॅरलमधून तपेलीभर पाणी घेतलं, चुलीवर ठेवलं, पत्ती टाकली. उकळी आल्यावर वाफेवर नाक धरून उभ्या राहिल्या. मुकादम, ठेकेदार, आठ गडी आणि मी, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यांनी पेले मांडले, चहा गाळला आणि मुकादमाला हात केला, चालू कर.